शटल गेले, आता चेन जाणार? बिनचेनच्या विजेच्या सायकलीचा नफा-तोटा

यंत्रमागाच्या धंद्यातील माणसाला 'शटललेस' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. धोटा गेला, रॅपियर आले, हवेच्या झोताने बाणा फेकणारे एअरजेट आले. खडखडाट कमी झाला आणि कापड वाढले. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट झाली, तिच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. साध्या मागाचे काही बिघडले तर गल्लीतला मिस्त्री पाना-हातोडी घेऊन येतो आणि तासाभरात माग चालू करून देतो. शटललेसचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले तर ते पेटीत घालून बाहेरगावी पाठवावे लागते. तोवर माग बंद, कारागीर बसून आणि मालक फोनला चिकटलेला. इचलकरंजीच्या व्यापारी मित्रांकडून ही रड आम्ही अनेक वेळा ऐकली आहे.

आता सायकलीच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला आहे. 'चेनलेस' विजेच्या सायकलीची चित्रे आणि चित्रफिती मोबाईलवरून फिरत आहेत. चेन नाही, तेल नाही, कपडे खराब होत नाहीत, असे त्यात सांगितलेले असते. आमच्याकडून माल उचलणारे दोन फेरीवाले, एक शिलाईवाले आणि मागावर जाणारा एक तरुण कारागीर या सर्वांनी गेल्या काही महिन्यांत आम्हाला विचारले की, घ्यावी काय? आम्ही कापडाचे व्यापारी, सायकलीचे नव्हे. परंतु ज्यांच्या पायावर आपला माल घरोघर पोहोचतो त्यांनी आयुष्याची बचत कशात घालावी, याविषयी दोन शब्द सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

चेन आली कोठून?

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण सायकलीची चेन कापडाच्या धंद्यातून आलेली आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड येथे जेम्स स्लेटर यांचा कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनविण्याचा लहानसा कारखाना होता. हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस इंजिनिअरने तो १८७९ साली विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, बुश-रोलर चेन तयार केली. आजही सायकलीला जी चेन लागते तिची मूळ घडण हीच होय. पिनेवर बुश, बुशवर फिरणारा रोलर. १८८५ च्या सुमारास कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले यांनी 'रोव्हर' सायकल आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला चेन. तेव्हापासून सायकलीचा साचा फारसा बदलला नाही. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीला पायडल थेट पुढच्या चाकालाच असे. म्हणजे बिनचेनची सायकल ही चेनच्या सायकलीपेक्षा जुनी आहे.

चेन काढून टाकण्याचा खटाटोपही नवा नाही. १८९० च्या दशकात फ्रान्स आणि अमेरिकेत शाफ्टच्या सायकली निघाल्या. पायडलच्या जागी एक बेव्हल गिअर, मागच्या चाकाला दुसरा आणि मध्ये दांडा. अमेरिकेच्या पोप कंपनीची 'कोलंबिया चेनलेस' १८९८ च्या सुमारास १२५ डॉलरला विकली जात होती. त्या काळी ही मोठी रक्कम. दिसायला देखणी, कपड्यांना डाग नाही, बायकांच्या घोळदार झग्यांनाही सोयीची. तरी ती टिकली नाही. बेव्हल गिअरचे दाते अचूक कापावे लागत, त्याला खर्च येई. चेन मात्र वर्षागणिक स्वस्त आणि चांगली होत गेली.

चेनचा त्रास खरा आहे

चेनची बाजू घेण्याआधी तिचा त्रास कबूल केला पाहिजे. कॅरिअरवर पांढऱ्या कापडाचे चार तागे बांधून निघालेल्या माणसाची चेन रस्त्यात पडली की, ती चढवताना हात काळे होतात आणि तेच हात तागाला लागतात. काळ्या ग्रीसचा डाग पांढऱ्या कापडावरून पूर्ण जात नाही. गिऱ्हाईक तो भाग मोजून वजा करतो. पायजम्याची मोहरी चेनमध्ये अडकून फाटणे हे तर रोजचेच. चेनकव्हर असले तरी वर्षभरात ते वाकडे होते आणि खडखड वाजू लागले की, लोक स्वतःच काढून फेकतात. मालेगावच्या धुळीत आणि यंत्रमागाच्या परिसरात उडणाऱ्या कापसाच्या तंतूंत तेल लावलेली चेन आठ-पंधरा दिवसांत काळ्या लोण्यासारखी होते. पावसाळ्यात गंज वेगळाच.

तेव्हा चेन नको असे म्हणणारा माणूस शौकीन नसतो. त्याला नुकसान सोसावे लागलेले असते.

बिनचेनच्या तीन तऱ्हा

बाजारात 'चेनलेस' या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू येतात. ग्राहक फसतो तो याच ठिकाणी.

पहिली तऱ्हा पट्ट्याची. चेनऐवजी दात्यांचा रबरी पट्टा, आत मजबूत धागे भरलेले. अमेरिकेच्या गेट्स कंपनीचा कार्बन धाग्याचा पट्टा या कामात प्रसिद्ध आहे. जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीने १९८० च्या दशकातच पट्ट्याच्या सायकली काढल्या होत्या. मोटारीवरून मागाला पट्ट्याने गती देणे आपल्या लोकांना नवीन नाही, म्हणून ही तऱ्हा चटकन समजते. तेल लागत नाही, गंज चढत नाही, आवाज नाही आणि नीट बसविलेला पट्टा चेनच्या कितीतरी पट टिकतो. कापड वाहणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे?

पण अडचणी लक्षात घ्याव्यात. हा पट्टा अखंड असतो. चेनची कडी उघडून ती चौकटीतून ओवता येते, पट्टा ओवता येत नाही. म्हणून सायकलीच्या मागच्या चौकटीलाच उघडणारा सांधा लागतो. साध्या सायकलीची चेन काढून पट्टा घालून देतो असे कोणी सांगू लागला तर नमस्कार करून निघावे. पट्ट्याला बाहेरचे गिअर चालत नाहीत. एकच गती, नाहीतर चाकाच्या हबमध्ये बसणारे महागडे गिअर. मोटारीची मदत असल्यावर सपाट रस्त्याला एक गती पुरते, घाटाच्या गावाला पुरत नाही. दोन्ही दातेरी चाके एका रेषेत असावी लागतात आणि ताण बेताचा लागतो. पट्टा मुरगळला किंवा दुमडला तर आतले धागे मोडतात. बाहेरून ठीक दिसतो आणि एके दिवशी तुटतो.

पुण्यातील आमच्या एका व्यापारी मित्राने अशी सायकल दीड वर्ष वापरली. दुकान ते गोदाम, गोदाम ते दुकान. खूश होता. मग एकदा पट्टा आणि दातेरी चाक यांच्यामध्ये खडा गेला आणि पट्टा चिरला. विकणाऱ्याने 'आठवड्यात येईल' म्हटले. यायला बावीस दिवस लागले. पुण्यासारख्या शहरात बावीस दिवस, तर मालेगाव, धुळे, मालवणीत किती याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरी तऱ्हा शाफ्टची, म्हणजे १८९० च्या दशकातलीच युक्ती, आता तिला मोटारीची जोड. सर्व काही बंद पेटीत, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नाही. मात्र वजन जास्त आणि दात्यांच्या घर्षणात थोडी ताकद खर्ची पडते. मागचे चाक काढायचे म्हणजे गिअरची पेटी सोडवणे आले, आणि परत बसवताना दात्यांतील अंतर चुकले तर पुढे आवाज सुरू होतो. हिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. आपल्या वापराला ती फारशी उपयोगी नाही असे आमचे मत आहे.

तिसरी तऱ्हा खरी नवी आहे. हिच्यात पायडल आणि चाक यांच्यामध्ये चेन नाही, पट्टा नाही, शाफ्टही नाही. फक्त तारा आहेत. पायडल मारले की एक लहान जनित्र फिरते, त्याची वीज कंट्रोलरमध्ये जाते, तेथून बॅटरीत किंवा सरळ चाकातील मोटारीत. म्हणजे आपण चाक फिरवीत नाही, वीज तयार करतो. अशा रचनेचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस किन्झेल यांनी १९७५ सालीच घेतले होते. २०१२ मध्ये कोरियाच्या मांडो कंपनीने 'फूटलूज' नावाची घडीची सायकल याच तत्त्वावर आणली. तिची रचना मार्क सँडर्स यांनी केली होती. १९८७ ची पट्ट्याची घडीची सायकल 'स्ट्रायडा' हीदेखील त्यांचीच. चेनशी या गृहस्थांचे जन्माचे वैर असावे! सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतील युरोबाईक प्रदर्शनात शेफलर कंपनीने हाइन्झमान या मोटार बनविणाऱ्या कंपनीबरोबर 'फ्री ड्राइव्ह' नावाची अशीच यंत्रणा मांडली. शेफलर हे नाव परके वाटले तरी त्यांचा एफएजी बेअरिंग आपल्या कारखानदारांना चांगला परिचित आहे.

तिसऱ्या तऱ्हेचा हिशेब

ही यंत्रणा मोठ्या कंपन्या का करीत आहेत, हे समजून घेतले पाहिजे. युरोपच्या शहरांत पार्सले पोहोचविण्यासाठी तीन-चार चाकांच्या मालवाहू विजेच्या सायकली वापरतात. अशा लांब गाडीला दोन-तीन चेना एकापुढे एक जोडाव्या लागतात, जड मालामुळे त्या लवकर झिजतात आणि दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. तारा मात्र कशाही वळवून नेता येतात. चालकाला गिअर बदलावा लागत नाही, पायडलचा जोर कायम सारखा राहतो, गाडी मागे घेता येते, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवता येते. ज्याच्याकडे अशा पन्नास गाड्या, स्वतःचे वर्कशॉप आणि पगारी तंत्रज्ञ आहे त्याला हा सौदा पटण्यासारखा आहे.

आता एकट्या माणसाचा हिशेब मांडू. मेहनतीची सवय असलेला माणूस बराच वेळ टिकेल असा ७५ ते १०० वॉटचा जोर पायांनी देऊ शकतो. १०० धरू. स्वच्छ, तेल लावलेली चेन त्यातला ९५ किंवा अधिक चाकापर्यंत पोहोचवते. तारांच्या रचनेत जनित्रात काही जाते, कंट्रोलरमध्ये काही, मोटारीत काही, आणि चाकाला सत्तरच्या आगेमागे मिळतात. बॅटरीत साठवून पुन्हा काढले तर आणखी कमी. शंभर मीटर सूत देऊन सत्तर मीटरचे कापड घेण्यासारखा हा व्यवहार झाला. बॅटरी भरलेली असेपर्यंत ही तूट जाणवत नाही, कारण ती वीज भरून काढते. बॅटरी संपली की कळते. तेव्हा माल लादलेली गाडी मुंगीच्या चालीने निघते, आणि कंट्रोलर बिघडला तर निघतच नाही. पायडल फिरते, चाक नाही.

याच्या उलट, आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त विजेच्या सायकलींत मोटार बहुधा मागच्या चाकाच्या हबमध्ये असते आणि चेन वेगळी, नेहमीसारखी. तिच्यात एक मोठी सोय आहे, ती विक्रेते सांगत नाहीत. मोटार जळाली तर पायांनी घरी येता येते. चेन तुटली तर मोटारीने येता येते, अर्थात थ्रॉटल असेल तर. दोन स्वतंत्र वाटा आहेत. शिवाय मोटारीचा जोर चेनवर पडतच नाही, तिच्यावर फक्त पायांचा भार असतो, त्यामुळे ती साध्या सायकलीइतकीच किंवा अधिक टिकते. क्रँकपाशी मोटार असलेल्या महाग सायकलींत मात्र मोटारीचाही जोर चेनवरून जातो आणि ती झपाट्याने झिजते. परदेशात पट्ट्याची चर्चा वाढण्याचे ते एक कारण आहे. तो रोग आपल्या हबवाल्या सायकलीला नाही, मग तिचे औषध आपण का घ्यावे?

दुरुस्ती कोणाच्या हातात?

आमच्या दुकानाजवळ एक सायकल मिस्त्री आहेत, आमच्याहून वयाने वडील. त्यांना आम्ही मोबाईलवर ही बिनचेनची सायकल दाखविली. त्यांनी चित्र नीट पाहिले आणि एकच प्रश्न केला, "भाई, पंक्चर कसं काढायचं?" प्रश्न साधा, पण वर्मावर बोट ठेवणारा. आपले मिस्त्री मागचे चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून पंक्चर काढतात, तेवढे सर्व प्रकारांत चालेल. पण टायर-ट्यूब बदलायची झाल्यास चाक उतरवावे लागते, आणि तेथे हबची जाड वायर, पट्ट्याचा ताण किंवा शाफ्टची पेटी आडवी येते. चाचांच्या पेटीत त्यासाठी हत्यार नाही. चेन दोन-अडीचशे रुपयांत कोणत्याही गावात मिळते, आणि तुटली तर दगडाने पिन ठोकूनही जोडता येते. ती जोडणारा माणूस दर चौकात बसलेला आहे.

परदेशात काय झाले तेही पाहावे. ॲमस्टरडॅमच्या व्हॅनमूफ कंपनीच्या विजेच्या सायकली फार नावाजलेल्या होत्या. त्या बिनचेनच्या नव्हत्या, चेन झाकलेली होती. पण कुलूप, मोटार, दिवे सर्व काही कंपनीच्या ॲपशी जोडलेले आणि बहुतेक सुटे भाग कंपनीखेरीज कोठे न मिळणारे. जुलै २०२३ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. कंपनीचे सर्व्हर बंद पडले तर सायकल उघडणार नाही या धास्तीने मालकांनी आपल्या सायकलीच्या डिजिटल चाव्या उतरवून ठेवण्यासाठी धावपळ केली. पुढे ती कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, पण मधल्या काळात दुरुस्तीसाठी दिलेल्या सायकली अनेकांच्या अडकून पडल्या. आपला फेरीवाला महिनाभर पायी फिरू शकत नाही. त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि परत येत नाही.

आम्ही मिस्त्री लोकांनाही एक गोष्ट सांगू इच्छितो. चेन लगेच जाणार नाही, परंतु हबची मोटार आलेली आहे. मल्टिमीटर धरणे, कंट्रोलरच्या तारा ओळखणे, ब्रेकचा सेन्सर आणि थ्रॉटल तपासणे ही काही इंजिनिअरिंग कॉलेजची विद्या नव्हे. ज्या मुलाने रिक्षाची वायरिंग शिकली तो महिन्याभरात हेही शिकेल. हे काम आपण शिकलो नाही तर ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाईल. शटललेसची कार्डे दुरुस्त करणारे आपल्यात वेळेवर तयार झाले असते तर आज पेट्या भरून बाहेरगावी पाठवाव्या लागल्या नसत्या.

घेण्यापूर्वी

कायद्याची बाजू थोडक्यात. आपल्या देशात मोटारीची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशा विजेच्या सायकलीला नोंदणी व लायसन्स लागत नाही. मात्र मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र हवे. पुण्याची एआरएआय ही अशा संस्थांपैकी एक. प्रमाणपत्राची प्रत दुकानदाराकडे मागावी. तारांच्या रचनेची तीनचाकी मालगाडी ६० किलोच्या पुढे सहज जाऊ शकते, हे विसरू नये. वेगाची मर्यादा 'उघडून' देणारे दुकानदारही भेटतात. अशी गाडी कायद्याने सायकल राहत नाही, आणि अपघात झाला तर सारे आपल्याच अंगावर येते.

चालविण्याचा खर्च मोठा नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. चार्जरमधील तूट धरून एकदा भरायला ०.४ युनिटच्या आसपास वीज लागते. युनिट दहा रुपये धरले तरी चार रुपये झाले, आणि हलक्या मालासह पंचवीस-तीस किलोमीटर जाता येते. खरा खर्च बॅटरीचा. पाचशे-सहाशे वेळा भरल्यावर तिचा जोर कमी होऊ लागतो, आणि सायकलीतला सर्वांत महाग भाग तीच आहे. रोज भरणाऱ्याला दोन वर्षांत हा खर्च दिसू लागेल, तो आधीच बाजूला काढावा.

मागावर पाळीला जाणारा कारागीर, फेरीवाला, आठवडे बाजार करणारा, यांनी हबची मोटार आणि साधी चेन असलेली सायकल घ्यावी, आणि तिला बंद पेटीचे चांगले चेनकव्हर बसवून घ्यावे. कपड्याचा डाग त्यानेच निम्म्याहून अधिक टळतो. ज्याचा फेरा ठरलेला आणि सपाट आहे, माल पांढरा किंवा भरतकामाचा आहे, आणि घरी दुसरे वाहनही आहे, अशा दुकानदाराने पट्ट्याची सायकल जरूर पाहावी. तारांची सायकल मात्र आज एकट्या माणसाने घेऊ नये. पाच-दहा वर्षांनी तिचे सुटे भाग नाशिक-मालेगावात मिळू लागले तर पुन्हा विचार करता येईल.

एक खबरदारी सूत-कापडवाल्यांनी विशेष घ्यावी. लिथियम बॅटरी गोदामात, गाठींजवळ किंवा जिन्याखाली भरू नये, आणि रात्रभर लावून झोपू नये. न्यूयॉर्क शहरात अशा बॅटऱ्यांच्या आगींत २०२३ या एका वर्षात १८ माणसे दगावली. चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरावा. आणि पट्ट्याची सायकल घेणाऱ्याने दुसरा पट्टा त्याच दिवशी, त्याच बिलात मागून घ्यावा. घरी तो दुमडून न ठेवता मोकळा, गोल टांगून ठेवावा.